एकेचाळीस नंबरचा जोड

१

मेलेल्या माणसाच्या कानाचं भोक बुजतं का?

भिवाने हा प्रश्न तिघांना विचारला. आधी वडिलांना. त्यांना कोल्हापूरच्या सराफांची सारी गुजरी अण्णा म्हणते, आणि गावातल्या निम्म्या पोरींचे कान त्यांच्याच हाताने टोचलेले. अण्णा म्हणाले, "गप बस." मग डॉक्टरांना. ते म्हणाले, परदेशातून येणाऱ्या बॉडीत औषधं भरलेली असतात, सूज येते, तू घरी जा आणि आईकडे बघ. मग भटजींना. भटजींनी प्रश्न ऐकूच आला नाही असं दाखवलं.

ताईची शवपेटी दुबईहून आली तो मार्च महिना होता, साल २००९. आईने कपाटातून मोत्याच्या कुड्या काढल्या आणि भिवापुढे धरल्या. "तूच घाल. तुझा हात हलका आहे." भिवाने कुडीची दांडी पाळीला लावली. ती आत जाईना. त्याला वाटलं, डोळ्यांत पाणी आहे, जागा चुकली असेल. त्याने डोळे पुसले आणि अंगठ्याने पाळी चाचपली. बाराव्या दिवशी टोचलेला कान, वय वर्षं एकोणतीस. दिवाळीत ती घरी आली तेव्हा त्यानेच या कुड्यांच्या फिरक्या बदलून दिल्या होत्या. आता तिथे भोक नव्हतं. नुसती बारीक खळी होती, वर्षानुवर्षं काही न घातलेल्या कानाला पडते तशी. दुसऱ्या कानालाही तेच.

त्याने कुड्या ताईच्या मुठीत ठेवल्या आणि मूठ मिटवली. आईला वाटलं, घातल्याच.

२

अनुराधा म्हणजे गुजरीतली पहिली पोरगी, जी दागिना विकायला नाही, तर वाचायला शिकली. पुण्यात पुरातत्त्व शिकली, मुंबईच्या एका संग्रहालयात राहिली आणि २००६ साली दुबईला गेली. तिथे एका शेठला दागिन्यांचं म्युझियम काढायचं होतं. त्यातलं पहिलं दालन चिनी कर्णभूषणांचं, आणि ते दालन ताईचं. भिवा नववीत दोनदा आपटलेला. पण शुक्रवारी ताईचा फोन आला की तो अख्ख्या दुकानाला ऐकू जाईल असं बोलायचा. "आठ हजार वर्षं? आणि ते सगळं तू ओळीनं लावणार व्हय?"

ताई सांगायची. सगळ्यात जुनी ती दगडाची कडी, एका बाजूला चीर दिलेली. उत्तर चीनमध्ये मातीखाली सापडतात, सांगाड्याच्या कवटीला लागून, दोन्ही बाजूंना एकेक. भोकात घालत होते की चिरेत पाळी चिमटत होते, ते अजून कुणी ठामपणे सांगत नाही. मग हजारो वर्षांनी आले काचेचे डमरू: मध्ये बारीक, टोकांना रुंद, थेट पाळीत बसवायचे.

"भिवा, एवढं जाड बसायला भोक कसं वाढवतील रे?"

"एका दमात नाही वाढवायचं, ताई. आधी एक काडी, मग दोन, मग तीन. घाई केली की पाळी फाटते."

तिकडून पेनाची खरखर ऐकू यायची. दुबईत बसलेली एम. ए. बाई आपलं बोलणं लिहून घेते, या विचाराने तो दिवसभर फुगून हिंडायचा.

मग २००८चा सप्टेंबर आला. शुक्रवारच्या फोनमधले दागिने कमी झाले आणि माणसं वाढली. आज अमक्याची नोकरी गेली, आज तमका गाडी विमानतळावरच सोडून पळाला. डिसेंबरात जुमेरा लेक टॉवर्समधलं ऑफिस बंद झालं. शेठचा पत्ता नव्हता. म्युझियमच्या जागी वाळू राहिली आणि वाळूत एक पाटी. ताईने सगळ्या पेट्या स्वतःच्या घरी नेल्या, इंटरनॅशनल सिटीतल्या एका खोलीच्या फ्लॅटमध्ये.

"सोड ते आणि परत ये," आई म्हणाली.

"यांना कुणाकडे सोडू, आई?" ताई म्हणाली.

तीन महिन्यांनी ती त्याच खोलीत टेबलाशी बसल्या बसल्या गेली. मृत्यूच्या कागदावर कारण म्हणून हृदय लिहिलं होतं.

जूनमध्ये राजनचा फोन आला. राजन मूळचा पुण्याचा, ताईच्या ऑफिसात ॲडमिनला होता. बंद कंपनीचा माल ताब्यात घेणारी माणसं येऊन गेली, म्हणाला. यादीत अठ्ठेचाळीस जोड आहेत, भरले सत्तेचाळीस. एकेचाळीस नंबर नाही. "पुढच्या गुरुवारी दुपारी बारा वाजता फायनल हँडओव्हर. तोवर नाही मिळाला तर कंप्लेंट होईल. अनुराधाच्या नावावर."

अण्णांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. "मेलेल्या पोरीवर चोरीचा आळ," ते म्हणाले.

"मी जातो," भिवा म्हणाला. काय करणार, कसं शोधणार, काही विचार न करता म्हणाला. पासपोर्ट होता. म्युझियमच्या उद्घाटनाला यायचंच म्हणून ताईने तो हट्टाने काढायला लावला होता. व्हिसाचं राजनने बघितलं.

३

राजन आता सिलिकॉन ओएसिसमध्ये नोकरीला होता. सोमवारी तो मुलीला घेऊनच विमानतळावर आला.

"पप्पा, हू इज ही?"

"अनुआंटीचा भाऊ. से नमस्ते, मिहिका."

"हाय."

भिवाने गाडीच्या आरशातून तिच्या कानाकडे बघितलं. कान बघितल्याशिवाय त्याला माणूस ओळखताच येत नसे. "हिचं डावं भोक बुजाया लागलंय. रिंगा काढून ठेवता का?"

"स्विमिंगला काढतो रे."

"घालून ठेवा. न्हाईतर परत टोचाया लागंल."

"नो वे!" मिहिकाने दोन्ही कान झाकून घेतले. राजन हसला. भिवाही हसला, मार्चनंतर पहिल्यांदा.

ताई राहायची त्या इमारतींच्या ओळीला चायना क्लस्टर म्हणत. छपरांचे कोपरे वर वळलेले. फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर होता. राजनने कुलूप काढलं, आत दोन पावलं टाकली आणि थांबला.

खोलीत एक पलंग, एक टेबल आणि एक खुर्ची. टेबलाखाली, पलंगाखाली पेट्या. आणि तीन भिंतींवर पांढऱ्या फळ्या, फळ्यांवर कान. जोडीजोडीने, दोन कानांमध्ये डोक्याएवढी जागा सोडून.

"डिस्प्लेचे आहेत. सिलिकॉनचे," राजन म्हणाला. "दागिना कानावर दिसला पाहिजे, मखमलीवर नाही, असं म्हणायची. दागिने सगळे पेटीत आहेत, मी चेक केलेत." तो अगदी हळू बोलत होता. दाराबाहेर पडल्यावर त्याचा आवाज परत नेहमीसारखा मोठा झाला. "जेवायला घरी ये, कळलं? एकटा नको बसूस."

भिवा एकटाच बसला. दुपारचं ऊन खिडकीवर थापल्यासारखं होतं. ताईची उशी हाताला लागली आणि त्याला राहवलं नाही. तो मोठ्याने रडला, "ताई" म्हणून ओरडला. ओरडल्यावर काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. काय, ते कळायला वेळ लागला. फरशीची, मोकळ्या भिंतींची खोली. आवाज घुमायला हवा होता. तो घुमला नाही. त्याने टाळी वाजवली. कापसात वाजवल्यासारखी विझली. पेट्यांत फोम भरलेला आहे, त्याने स्वतःला समजावलं. फोम आवाज खातो. दुकानात तिजोरीच्या खोलीतही तसंच होतं की.

मग त्याने कानांकडे नीट पाहिलं आणि उठून उभाच राहिला. प्रत्येक पाळीच्या भोकात कडुलिंबाची काडी होती. अगदी अण्णा घालतात तशी, दोन्हीकडून नखभर बाहेर ठेवून तोडलेली. वाळून काळी पडलेली.

रबराच्या कानाला काडी कशाला? पोरीचा कान टोचला की काडी घालतात, भोक बुजू नये म्हणून. ताईला काय हे माहीत नव्हतं? एकटी राहून राहून तिचं डोकं फिरलं होतं, असं या काड्या बघून कुणीही म्हणेल. गुरुवारी परकी माणसं येतील आणि बघून हसतील. भिवाच्या मस्तकात तिडीक गेली. त्याने एकेक करून सगळ्या काड्या उपसल्या, मुठीत गोळा केल्या आणि कचऱ्यात टाकल्या.

फक्त एका जोडीला काडी नव्हती. खालच्या ओळीत, टेबलाच्या बरोबर समोर. तिला भोकंच नव्हती. फळीवर ताईच्या अक्षरात आकडा होता. एकेचाळीस.

४

मंगळवारी सकाळी त्याने पेट्या उघडून जोड लावून बघायला घेतले. एखादा चुकीच्या खणात गेला असेल, तर तसं सापडेल. पहिलीच तार अडकली. पिवळ्या सोन्याचा छोटा भोपळा, मिंग काळातला. त्याची तार भोकात शिरेना. दुसऱ्याचीही नाही.

त्याने खुर्ची ओढली आणि कान डोळ्यांशी आणला. भोक होतं, पण आवळलेलं. कडा आत वळलेल्या. चौदाव्या वर्षापासून तो कान टोचत होता. काडी निघाली की पहिल्या दिवशी भोक असंच दिसतं.

थंड हवेने रबर आकसतं, तो स्वतःशी म्हणाला. त्याने एसी बंद केला. तासाभरात खोली तापली, अंगाला धारा लागल्या. भोकं आणखी बारीक झाली.

मग त्याने विचार करणं सोडलं आणि हातांना जे येतं ते केलं. खाली पार्किंगच्या कडेला कडुलिंबाचं झाड होतं. दुबईत कुणी लावलं देव जाणे. वॉचमन म्हणाला, "आप भी? मॅडम भी रोज़ तोड़ती थीं."

"रोज़?"

"रोज़. मैं बोला, मॅडम, दाँत में तकलीफ़ है क्या. हँसती थीं."

चौऱ्याण्णव काड्या. तासून, टोकं घासून, खोबरेल तेलात बुडवून. पहिल्या वीस-पंचवीस त्याने एकेक करून, जपून घातल्या. नंतर हाताला सवय आली. प्रत्येक काडी शिरताना एक बारीक अडकाव लागायचा आणि मग सुटायचा. चामडीला लागतो तसा. दुपारी दोनला शेवटची काडी बसली, आणि आपण काय केलं ते त्याच्या ध्यानात आलं. मेलेल्या रबराची भोकं त्याने बुजताना पाहिली होती आणि पोरींसारखी राखली होती. ताईचं डोकं फिरलं नव्हतं. मग आता फिरलंय ते आपलं, की कुणाचंच नाही?

एकेचाळीसला काडी घालायला जागाच नव्हती. त्याने पाळीवर बोट ठेवलं आणि झटक्याने उचललं.

खळी होती.

५

बुधवारी तो चालतच ड्रॅगन मार्टला गेला. चिनी मालाचा लांबच लांब बाजार, आत गारवा. दिवे, नळ, पडदे, प्लास्टिकची फुलं. पुतळ्यांचं दुकान त्याला ताईच्या कागदांतल्या कार्डावरून सापडलं. काउंटरवरची चिनी बाई हिंदी बोलत होती, भिवापेक्षा बरी.

"कान? हाँ हाँ. अनु मॅडम! तुम उसका भाई? सेम नाक." भिवाने ताई गेल्याचं सांगितलं. ड्रॉवरमधून तिने चॉकलेट काढलं आणि त्याच्या हातात ठेवलं, लहान पोराला द्यावं तसं. "बहुत स्ट्रिक्ट मॅडम. छेद दो मिलीमीटर नीचे हुआ, पूरा माल वापस. बोली, ये छेद किसी औरत का नहीं, ये मशीन का है. मेरा बॉस बोला, ये लड़की हम को हमारा कान सिखाता है." ती हसली. "हमारी दादी का कान का बात, वो हम को बताती थी."

भिवाची छाती भरून आली. तिथेच, बिनडोक्याच्या पुतळ्यांमध्ये. गुजरीतली पोरगी चिन्यांना चिनी कान शिकवत होती.

"एकेचाळीस नंबर में छेद क्यों नहीं दिया?" त्याने विचारलं.

बाईने वही काढली, पान उलटलं आणि त्याच्यापुढे फिरवलं. ऑर्डर इंग्रजीत होती, पण आकडे त्याला वाचता येत. सत्तेचाळीस जोड.

"अड़तालीस," तो म्हणाला.

"नहीं. सैंतालीस. मैं बोली थी उसको, अड़तालीस गहना, अड़तालीस कान लो. मॅडम बोली, नहीं, एक का कान नहीं चाहिए."

"पर दीवार पे अड़तालीस है."

बाईने त्याच्याकडे बघितलं. मग तिने वही मिटली.

"वो हमारा नहीं है," ती म्हणाली.

६

ताईची एक वही मराठीत होती. भिवाला वाचायला वेळ लागे. ओठ हलवत, बोट फिरवत. पण अक्षर ताईचं, आणि मजकूर त्याला शुक्रवारच्या फोनमुळे अर्धा पाठ. कानांवरून लोंबणारे राजदरबाराच्या टोपीचे खडे, राजाने चहाड्या ऐकू नयेत याची आठवण म्हणून. एका कानात तीन-तीन लोलक घालणाऱ्या मांचू बायका. निळ्या पक्ष्याची पिसं चिकटवलेली फुलं. दृष्ट लागू नये, पोरगी समजून दुष्ट शक्तीने सोडून द्यावं, म्हणून पोराच्या एकाच कानात घातलेली कडी. त्यापुढे ताईने लिहिलं होतं, 'आपल्यासारखंच!'

एकेचाळीसचं पान छोटं होतं.

'लवंग. सोन्याची, साधी. चिनी लोकही या घाटाला लवंगच म्हणतात, हिंदीवाले नाकातल्या खड्याला लौंग म्हणतात तसं. घरात, चुलीपुढे, रोज घालायची. जड दागिने सणाला. ही मात्र कानातून निघत नसे. सगळ्या संग्रहात हीच एक आहे जी कुणीतरी खरंच जगताना घातली. हिला रबरी कान नको. जिवंत कानावर बघावी.'

खाली आणखी एक ओळ होती आणि ती खोडली होती. इतकी खोडली होती की कागद फाटला होता.

"ताई असं करणार नाही," भिवा मोठ्याने म्हणाला. संग्रहातला दागिना अंगाला लावायचा नाही, हा तिचा नियम. आईने नुसतं विचारलं तरी ती रागवायची. "माझी ताई असं करणारच नाही." खोलीने ते वाक्यही गिळलं.

मग तो उठला आणि एकेचाळीसपाशी गेला. गुडघे टेकले. खिडकीतलं ऊन थेट फळीवर पडलं होतं. डाव्या पाळीवर, खळीच्या जरा वर, एक तिरका वण होता.

हा वण त्याच्या हातचा होता. तो आठ वर्षांचा असताना अण्णा बाहेर गेले होते, आणि त्याने ताईला बसवून दुसरं भोक पाडलं होतं. सुई तिरकी गेली. ताई हूं की चूं बोलली नाही. अण्णांना म्हणाली, मीच पाडलं. मार तिने खाल्ला.

भिवाने पाळी चिमटीत धरली. ती कोमट होती. ऊन आहे, तो म्हणाला, उन्हाने तापली. आणि चिमटीत, मांसाच्या आत, मध्यभागी, काहीतरी टणक लागलं. तांदळाच्या दाण्याएवढं.

हेही त्याच्या ओळखीचं होतं. आई-बाप महिनोन्‌महिने बघत नाहीत, फिरकी घट्ट होते, आणि एक दिवस पोरीचा कान दागिना गिळतो. वरून चामडी येते. मग पोरगी अण्णांच्या पाटावर येते.

तेव्हा एकच उपाय असतो.

७

तो गुरुवारी सकाळी नऊला बसला. रात्र त्याने राजनच्या घरी काढली होती, आणि तिथे कुणाला काही सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं काय होतं? बहिणीचे कान जाळून आलो, ते इथे भिंतीवर आहेत?

टेबलावर स्पिरिट, कापूस, सुई, बारीक पातं, चिमटा. एकेचाळीसची रिकामी पेटी समोर उघडी, काचेचं झाकण भिंतीला टेकवलेलं. त्याने पाळी धरली आणि हात थांबला. ताईचं नाव राखायचं तर ताईचाच कान कापायचा. नाही कापला तर बारा वाजता कागदावर चोर असं लिहिलं जाणार, आणि तो कागद गुजरीत पोचणार. पोचतोच.

"ताई," तो म्हणाला, पाटावरच्या पोरींना म्हणायचा तसंच. "डोळे मिट. मुंगी चावंल, बस."

पातं लागलं. रक्त आलं नाही. पाण्याचा एक थेंब आला आणि त्याच्या नखावरून ओघळला. चिमटा आत गेला, चाचपला आणि सोन्याला लागला. लवंग बाहेर आली, देठाची तार वाकलेली, पिवळीजर्द. ती पेटीत ठेवायला त्याने मान वर केली, तेव्हा काचेत त्याला खोली दिसली.

त्याच्या पाठीमागे, भिंतींच्या कडेने, बायका बसल्या होत्या. पाठमोऱ्या, ओळीने. उंच बांधलेले अंबाडे, पिना, माना किंचित कललेल्या; कुणीतरी बोलतंय आणि आपण ऐकतोय अशा. चेहरा एकीचाही नव्हता. सगळ्यांत अलीकडे, त्याच्या खांद्याशी, एक पाठ होती सुती कुडत्यातली, आणि केसांच्या गाठीत पेन्सिल खोचलेली होती.

एसी घुरघुरत होता. एवढाच आवाज होता.

उजवा कान अजून राहिला होता. भिवा वळला नाही. त्याला वळायचं होतं, मानेची शीर न्‌ शीर वळायला बघत होती. पण टोचणारा माणूस अर्ध्यात उठला तर पोरगी परत कधी बसत नाही, हे त्याला अण्णांनी शिकवलं होतं. त्याने नजर पाळीवर आणली. पातं पुसलं. "झालंच, ताई," तो म्हणाला. "आणि एकच."

दुसरी लवंग पेटीत पडली तेव्हा त्याने काचेत बघितलं. काचेत खिडकी होती, आणि भिंतींवर कान.

८

बाराला पाच कमी असताना राजन आला, आणि मागोमाग माल ताब्यात घेणाऱ्यांकडची, हातात यादी घेतलेली जुलेखा नावाची बाई. मूळची हैदराबादची, डोक्याला स्कार्फ, बोलणं मोजकं. तिने पेट्या उघडल्या, फोटोशी ताडून पाहिल्या, खुणा केल्या. एकेचाळीसला तिचं पेन थांबलं.

"ये तो मिसिंग था."

"अंदर था," भिवा म्हणाला.

"किसके अंदर?"

"कान के."

राजनने घाईघाईने सांगितलं, "डिस्प्ले पीस में अटक गया था, मॅडम." त्याने भिंतीकडे पाहणं टाळलं.

जुलेखाने भिंग लावून दोन्ही लवंगा पाहिल्या, फोटो पाहिला, परत लवंगा पाहिल्या. खूण केली. "अड़तालीस. कम्प्लीट. खलास."

मग तिने पेटीतून ताईने लिहिलेलं माहितीचं कार्ड काढून बाजूला टाकलं. दुसरं टाकलं. तिसरं.

"ये क्या करते?"

"सिर्फ़ नंबर जाएगा. काग़ज़ की ज़रूरत नहीं."

भिवाने शेवटची पेटी उचलली आणि छातीशी धरली. "कार्ड नहीं जाएगा तो डिब्बा भी नहीं जाएगा."

"भिवा, येडा आहेस का?" राजन म्हणाला. "सगळं झालंय. यल्ला, चल, दे ती."

"नाही देत. राजनदादा, तुम्ही मध्ये पडू नका." आणि तो त्याच्या मोडक्या हिंदीत बोलायला लागला. चिरेची दगडी कडी कुठे सापडते. काचेचा डमरू पाळीत कसा बसतो. राजाच्या कानाशी खडे का. भोपळा कोणत्या काळातला, तीन लोलक कुणाचे, निळं पीस कसं चिकटवतात, पोराच्या एका कानात कडी का. चुकत होता, अडखळत होता, पण क्रम चुकला नाही. आठ हजार वर्षं त्याने ओळीने लावली. एसीच्या आवाजावर त्याचा आवाज चढला.

जुलेखाने पेन खाली ठेवलं होतं. "ये सब पढ़ा है तुमने?"

"मैं नौवीं फेल. मेरी ताई ने सिखाया."

तिने बाजूला टाकलेलं एक कार्ड उचललं आणि वाचलं. काचेच्या डमरूचं होतं. वाचता वाचता ती थांबली. "यहाँ लिखा है, छेद बढ़ाने की जानकारी… भिवा, कान छेदनेवाला, कोल्हापुर. ये कौन है?"

भिवाला आधी समजलंच नाही. मग समजलं, आणि तो कार्डाकडे वाकून बघायला लागला. राजननेच सांगितलं, "हाच. धिस वन ओन्ली, मॅडम."

जुलेखाने सगळी कार्डं गोळा केली आणि एकेक करून पेट्यांत परत ठेवली. मग फॉर्मच्या खाली, मोकळ्या जागेत, लिहिलं आणि कागद भिवाकडे फिरवला. तो इंग्रजी अक्षरं सुटी सुटी वाचत गेला, बोट ठेवून. कॅटलॉग बाय. पुढे ताईचं पूर्ण नाव होतं. स्पेलिंग बरोबर होतं. त्याने दोनदा तपासलं.

पेट्या खाली गेल्या. "ये रबर वॉचमन फेंक देगा," जुलेखा जाता जाता म्हणाली. राजन म्हणाला, "मी गाडी काढतो. पाच मिनिटं."

खोलीत आता पलंग होता, टेबल होतं आणि कान होते. भिवाने दार लोटलं. घरी बारशाला आत्या पाळण्यात वाकते आणि बाळाच्या कानात नाव सांगते. त्या नावाने मग ते बाळ जगात येतं. तो काही कुणाची आत्या नव्हता. पण इथे दुसरं कुणी नव्हतं, आणि हे कान आता कुठल्या उकिरड्यावर जाणार होते देव जाणे. जातील तिथे त्यांना हे ठाऊक असायला हवं होतं.

त्याने दारालगतच्या पहिल्या जोडीपासून सुरुवात केली. ओठ पाळीशी नेले, आणि आधी डाव्या, मग उजव्या कानात हळूच म्हणाला, "अनुराधा." मग दुसरी जोडी. मग तिसरी. खालून राजनने हॉर्न वाजवला. भिवाने घाई केली नाही. एकही कान त्याने वगळला नाही, सत्तेचाळीसच्या सत्तेचाळीस जोड, आणि प्रत्येक वेळी नाव पुरतं उच्चारलं.

मग तो टेबलासमोर आला आणि गुडघ्यांवर बसला. तिला तिचं नाव काय सांगायचं? तो वाकला, तिरक्या वणाच्या कानाशी तोंड नेलं, आणि गुजरीतल्या साऱ्या दुकानांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला,

"ताई, अठ्ठेचाळीस भरले. एकही कमी नाही."